घोड्याचं डोकं आणि चार पाय: बाकीचा घोडा गेला कुठे?

काळीमाती (धागाकर्ता)

नागपूरहून काटोलला निघालं की गोरेवाड्याच्या पुढे जुनापाणी लागतं. रस्त्याकडेला पुरातत्त्व खात्याची निळी पाटी आहे, तीही झुडपात अर्धी बुडालेली. आत शिरल्यावर आधी काहीच दिसत नाही. गवत, बाभळी, काळे धोंडे. पाचेक मिनिटांनी डोळा सरावला की कळतं, धोंडे उगाच पडलेले नाहीत, गोलात मांडलेत. एक गोल दिसला की मग दुसरा दिसतो, तिसरा दिसतो, आणि आपण त्यांच्या मधोमध उभे आहोत हे ध्यानात येऊन जरा गप्प व्हायला होतं. त्या एका माळावर अशी सुमारे ३०० शिळावर्तुळं आहेत. काही धोंड्यांवर ओळीनं कोरलेले वाटीएवढे खळगे आहेत. बोट घातलं तर आतून गुळगुळीत लागतात.

ही सगळी लोहयुगातली, प्रागैतिहासिक दफनं. विदर्भात त्यांचा काळ ढोबळमानानं इ.स.पू. १००० ते ३०० धरतात. जुनापाणीला रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकातच खणून पाहिलं होतं. पुढे १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातर्फे बी. के. थापर यांनी तीन वर्तुळं शास्त्रशुद्ध उकरली, तेव्हा तिथे घोड्याच्या कुळातल्या जनावराचे अवशेष निघाले. मग शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा आणि माहुरझरी, त्यानंतर नायकुंड अशी एकामागून एक ठिकाणं खणली, आणि घोडा वारंवार भेटत गेला. माणसाच्या जोडीला घोडा, घोड्याच्या जोडीला लोखंडी कडियाळं (लगामाचा तोंडात बसणारा भाग) आणि तांब्याचे दागिने. माहुरझरीचा तो साज फोटोत पाहिला तरी थबकायला होतं. कपाळावरून नाकाकडे उतरणारी तांब्याची पट्टी, तिला जोडलेले पातळ पत्रे, पत्र्यांवर मागून ठोकून काढलेले ठिपके. चामड्यावर शिवून घोड्याच्या तोंडाला बांधत असावेत. म्हणजे पोळ्याच्या बैलाला बाशिंग बांधावं तसा घोडा नटवलाय आणि मग मारलाय.

आता माझी अडचण. सगळीकडे आपण वाचतो, ‘मालकासोबत घोडा पुरत.’ पण हाडांबद्दलचं लिखाण नीट वाचलं तर अख्खा घोडा जागच्या जागी आडवा पडलेला असा बहुधा मिळतच नाही. मिळतात ती मुख्यतः डोक्याची, दातांची आणि पायांची हाडं, आणि त्यातल्या काहींवर सुऱ्याचे वार आहेत. डेक्कन कॉलेजचे प्राणिअस्थितज्ज्ञ पी. के. थॉमस यांनी हे वार नोंदवलेत.

डोकं पुरलं, पाय पुरले. मधला घोडा कुठाय? या वाक्यावर मी आठवडाभर अडकलोय. जाणकारांनी हात द्यावा.


तिरपागडा

लेख आवडला. एक दुरुस्ती सुचवतो, राग मानू नये. याला प्रागैतिहासिक म्हणताना जरा जपून. लोखंड वितळवणारे, घोड्याला कडियाळं घालणारे लोक आहेत हे, आणि यांच्या शेवटच्या पिढ्यांच्या काळात उत्तरेत महाजनपदं उभी होती. आपल्याकडे याला आद्यैतिहासिक म्हणायची पद्धत आहे. लेखन नाही म्हणून इतिहास नाही, एवढ्यापुरतंच ‘प्राग्’.

बाकी वाचनखूण साठवली आहे.


काळीमाती

@तिरपागडा, मान्य. ‘लिहिता न येणारे पण नायकुंडला लोखंडाची भट्टी चालवणारे’ असं म्हणू हवं तर. ती भट्टीसुद्धा शां. भा. देवांनाच सापडली, पेंच नदीच्या काठी.


गुरांचा डॉक्टर

मी व्यवसायानं पशुवैद्य, पुरातत्त्वातला नव्हे. तरी दोन गोष्टी सांगतो, कारण धागाकर्ते घाईनं गूढाकडे निघालेत.

पहिली, ओळख कशी पटते. घोड्याच्या खालच्या दाढेच्या चावायच्या बाजूला इनॅमलच्या घड्या असतात. त्यातली आतल्या बाजूची एक घडी घोड्यात यू अक्षरासारखी गोलसर असते, गाढवात व्ही अक्षरासारखी टोकदार. एक दाढ धड मिळाली तर बऱ्यापैकी खात्रीनं सांगता येतं. दाढ नसेल, नुसती नळीची हाडं असतील, तर तज्ज्ञ ‘अश्वकुळातला प्राणी’ एवढ्यावरच थांबतात. जुनापाणीबद्दल तुम्ही जे शब्द लिहिलेत त्यामागे ही सावधगिरी आहे.

दुसरी आणि महत्त्वाची. जमिनीत सगळी हाडं सारखी टिकत नाहीत. दाताचं इनॅमल हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. घोट्याखालची हाडं भरीव, घट्ट. याउलट बरगड्या, मणके, छातीचं हाड म्हणजे आतून जाळीदार, लवकर विरणारी. त्यातून तुमच्या वर्तुळांत भरलेली ती काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अडीच हजार उन्हाळे ती दरवर्षी हाडं पिळून काढतेय. अख्खा घोडा पुरला असता तरी आज डोकं, दात आणि पायच हाती लागले असते.

तेव्हा ‘मधला घोडा कुठे गेला’ याचं एक साधं उत्तर: मातीनं खाल्ला.


रानभैरी

वा डॉक्टर! हवाच काढून घेतलीत.


काळीमाती

खरंच काढून घेतली. पण डॉक्टर, वारांचं काय? अख्खा घोडा पुरायचा तर हाडापर्यंत सुरी कशाला जाईल? गळा चिरला तर वार मानेवर हवा.


गुरांचा डॉक्टर

तोच बरोबर प्रश्न आहे. हाड आहे की नाही यापेक्षा वार कुठे आहे हे जास्त बोलतं. ते मात्र माझं क्षेत्र नाही. मी जनावर जगवतो, सोडवत नाही.


मुंडीवाला

मग माझं क्षेत्र आलं. आमचं मटणाचं दुकान, तिसरी पिढी. पाच वर्षं नुसता वाचतोय इथे, हा पहिलाच प्रतिसाद. चूकभूल द्या घ्या.

बकरं सोलताना कातडं पोटाकडून सुटत जातं, पायाकडे आलं की अडतं. गुडघ्याखाली मांस नाहीच, नुसती शीर आणि हाड. तिथे कातडं सोलत बसायला कुणाला वेळ आहे? गुडघ्याच्या सांध्यात सुरी फिरवायची, उलटा दाब द्यायचा, कट्ट करून पाय सुटतो. कातड्यासकट. म्हणून तर पाये सोलत नाहीत, भाजतात. मुंडीचं तेच. मानेच्या पहिल्या सांध्यात सुरी गेली की मुंडी वेगळी.

म्हणजे कुठलंही जनावर सोडवलं की आपोआप दोन ढीग होतात. एक मांसाचा, एक मुंडी-पायांचा. हे काही धार्मिक नाही, सांधे जिथे आहेत तिथे आहेत. चामडं कमावणाराला द्यायचं असेल आणि तोंड-खूर चामड्यालाच ठेवले, तर जमिनीवर पसरल्यावर पाठीमागून बघणाराला घोडा झोपलाय असंच वाटेल.

तुमच्या घोड्याचे वार सांध्याजवळ, हाडाच्या टोकाला असतील तर तो सोडवलाय. नळीच्या मध्ये लांबट बारीक रेघा असतील तर मांस उतरवलंय. आणि कुठेच काही नसेल तर डॉक्टरसाहेब म्हणतात ते खरं.


रानभैरी

@मुंडीवाला, पाच वर्षं गप्प बसून तुम्ही आमचा तोटा केलात.


काळीमाती

मुंडीवाले, तुमचा प्रतिसाद मी वहीत उतरवून घेतला. दोन ढीग! हे कुठल्याही अहवालात इतकं सरळ वाचलं नव्हतं.


उत्तरध्रुव

हे ‘डोकं आणि खूर’ प्रकरण विदर्भापुरतं नाही. युरेशियाच्या गवताळ पट्ट्यात त्याला फार जुनी परंपरा आहे. उरल पर्वताच्या दक्षिणेला सिंताश्ता संस्कृतीच्या थडग्यांत, साधारण इ.स.पू. २१०० ते १८००, रथ पुरलेत आणि सोबत घोड्यांची डोकी आणि पाय मांडलेत. तिथले अभ्यासक हेच म्हणतात की बऱ्याच ठिकाणी डोकं आणि खूर चामड्याला तसेच ठेवून ते चामडं पुरलं असणार. मुंडीवाल्यांनी दुकानात बसून तिथवर मजल मारली.

आणि साजाबद्दल: अल्ताय पर्वतात पाझिरिकची थडगी आहेत, इ.स.पू. पाचव्या ते तिसऱ्या शतकातली. आत पाणी शिरून गोठल्यामुळे सगळं टिकलं, कातडं, लोकर, केस. तिथले घोडे मात्र अख्खे आहेत. कपाळावर कुऱ्हाडीचा घाव घालून मारलेले. आणि काहींच्या तोंडावर नमद्याचे (दाबून केलेल्या लोकरीचे), चामड्याचे मुखवटे, त्यावर सांबरासारखी शिंगं. घोड्याला घोडा म्हणून पाठवायचं नव्हतं, आणखी काहीतरी करून पाठवायचं होतं. माहुरझरीचा तांब्याचा पट्टा पाहताना मला ते मुखवटे आठवतात. संबंध आहे असं म्हणत नाही. मधलं अंतर फार आहे.


खवचट खान

झालं! आता आर्य आले की नाही यावर २०० प्रतिसाद. पॉपकॉर्न घेऊन बसतो.


तिरपागडा

@खवचट खान, त्या वादाला इथे चाराच नाही. तो वाद इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकातल्या घोड्याचा आहे. विदर्भातली वर्तुळं त्यानंतरची. तोवर भारतात घोडा चांगलाच रुळला होता, कुणीही विकत घेतला असेल. माहुरझरी तर मण्यांचं गाव. अकीक, कार्नेलियन घासून मणी करणारे लोक. घोडा मण्यांच्या बदल्यात आला असेल, आम्हाला काय माहीत.


घोडकाठ

धाग्याचं नाव वाचून आधी वाटलं आमच्या घोड नदीबद्दल आहे. शिरूर तालुक्यातला मी. इनामगावचं उत्खनन १९६८ पासून पुढे १९८३ पर्यंत चाललं, आमचे आजोबा पहिली काही वर्षं तिथे रोजावर होते. हाती ब्रश आणि लहान कुदळी देत, टिकाव मारला की ओरडा. त्यांच्या तोंडून ऐकलेलं लहानपणी भुताच्या गोष्टीसारखं वाटायचं. घराच्या जमिनीखाली दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले आणि आत तान्ह्या पोराची हाडं. मोठ्या माणसाला मात्र लांबोडक्या खड्ड्यात उताणं, आणि पाय घोट्यातून तोडलेले.

इकडे घोड्याचे पाय, तिकडे माणसाचे! इनामगाव ताम्रपाषाणयुगातल्या जोर्वे संस्कृतीचं, तुमच्या वर्तुळांच्या बहुतांशी आधीचं. तिथे खणणाऱ्या ढवळीकरांचं म्हणणं असं की मेलेला चालत कुठे निघून जाऊ नये, घरातच राहावा, म्हणून पाय तोडत. एका मोठ्या घराच्या अंगणात चार पायांचा, पोटाशी फुगलेला कच्च्या मातीचा रांजण निघाला. आत चाळिशीचा माणूस बसलेला. त्याचे पाय मात्र शाबूत. आजोबा म्हणायचे, ‘पाटील असंल. पाटलाचं पाय कोन तोडतंय?’


काळीमाती

घोडकाठ, आजोबांना दंडवत. मानाचा माणूस म्हणून पाय वाचले असावेत असंच अभ्यासकही म्हणतात.

पण तुमच्या प्रतिसादानं डोक्यात वेगळंच चक्र सुरू झालं. पाय तोडणं ही जर मेलेल्याला अडवायची रीत असेल, तर घोड्याचे पाय वेगळे करून पुरणं म्हणजे काय? घोडा द्यायचा आहे पण तो परत धावत घरी येऊ नये? दोन्ही लोकांत शेकडो मैलांचं आणि काही शतकांचं अंतर आहे, तेव्हा हा माझा रात्री दीड वाजताचा विचार समजून सोडून द्या.


गुरांचा डॉक्टर

सोडून दिला.


नवगावची लेक

मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू, मूळ नवगावची, आता तीस वर्षं गॅलिलीत. मराठी वाचायला इथे येते. तुमच्या विषयातलं एक प्रकरण माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे, म्हणून लिहितेय.

हिलाझोन तख्तित नावाची गुहा. त्यात सुमारे १२,००० वर्षांपूर्वीचं एका बाईचं दफन मिळालं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. बाई पंचेचाळिशीची, तेव्हाच्या मानानं म्हातारीच. कटीची हाडं वेडीवाकडी, लंगडत चालत असणार. आणि तिच्याभोवती काय काय ठेवलं होतं? कासवांच्या ५० पाठी. सोनेरी गरुडाच्या पंखाचं टोक. बिबट्याच्या कटीचं हाड. रानडुकराचा पुढचा पाय. रानबैलाची शेपटी. वर एका दुसऱ्याच माणसाचं अख्खं पाऊल. शेती अजून यायची होती तेव्हाची गोष्ट आहे ही. खोदणाऱ्या लिओर ग्रोसमन यांनी तिला शमान म्हटलं. आपल्याकडची भगतीण म्हणा.

मला सांगायचंय ते कासवांचं. आधी सगळ्यांनी लिहिलं ‘अर्पण’. मग दोन वर्षांनी त्याच गुहेवरचा दुसरा लेख आला, त्यात दिसलं की कासवं भाजून खाल्लेली आहेत. पाठ न फोडता मांस काढलंय, पाठी जपून तिच्याकडे ठेवल्या. हिशेब करून त्यांनी म्हटलं की किमान ३५ माणसं जेवली असतील. म्हणजे मेलेल्या बाईला मिळाल्या त्या पाठी आणि पंगत उठली ती जिवंतांची.

तुमचा मधला घोडा मला तरी पोटात गेलेला दिसतोय.


रानभैरी

‘पंगत उठली ती जिवंतांची’. टाळ्या.


आत्याबाई

आपल्याकडे तेराव्याला काय होतं वेगळं? नैवेद्याचं पान गच्चीवर कावळ्याला, आणि दीडशे पानं मांडवात. अर्पण कुठलं आणि जेवण कुठलं, पाचशे वर्षांनी खणणाराला पत्रावळीच्या ढिगावरून काय कळणार आहे!


नवगावची लेक

@आत्याबाई, अगदी. आमच्याकडे एलियाहू हन्नावीचा, म्हणजे संदेष्ट्या एलियाचा, मलिदा करतात, भिजवलेले पोहे, नारळ, साखर, फळं. प्रार्थना त्याच्या नावानं, ताट फिरतं सगळ्यांत. कुणी विचारलं की हे देवाचं की तुमचं, तर आई म्हणायची, ‘गप खा.’


संस्कृतातला पीळ

थोडं ग्रंथांतलं. विदर्भातल्या वर्तुळकर्त्यांचा आणि या ग्रंथांचा संबंध मी लावत नाहीये, आधीच सांगतो. पण मेलेल्यासोबत जनावर द्यायची कल्पना आपल्या वाङ्मयात उघड आहे, आणि ती फार बारकाईनं लिहिलेली आहे.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं सोळावं सूक्त हे चितेच्या अग्नीला उद्देशून आहे. त्यात ‘अजो भागस्तपसा तं तपस्व’ असं येतं. बोकड हा तुझा वाटा, त्याला तापव, माणसाला जाळून टाकू नकोस, असा रोख. त्याच सूक्तात ‘अग्नेर्वर्म परि गोभिर्व्ययस्व’, म्हणजे गायीच्या अंगांचं चिलखत मृतावर घाल, असंही आहे. आश्वलायन गृह्यसूत्रात त्याचा तपशील येतो. त्या जनावराला ‘अनुस्तरणी’ म्हणतात, अनु आणि स्तृ, वरून पांघरायची. गाय, किंवा एका रंगाची शेळी. जनावराचं एकेक अंग मृताच्या त्या त्या अंगावर ठेवायचं, आणि दोन्ही वृक्क, म्हणजे मूत्रपिंडं, दोन हातांत द्यायचे. का? यमाच्या वाटेवर दोन कुत्रे बसलेत, सारमेय. त्यांच्यापुढे टाकायला. तेव्हा म्हणायची ऋचा ‘अति द्रव सारमेयौ’, म्हणजे त्या दोन कुत्र्यांना ओलांडून धावत जा.

इथे जनावर एकच, पण कामं तीन. अग्नीचा वाटा, मृताचं पांघरूण, आणि कुत्र्यांची लाच. ‘बळी’ हा एकच शब्द वापरला की यातला फरक मरतो.


जागरूक नागरिक

प्राचीन ग्रंथांचा विपर्यास करणारे असले प्रतिसाद संपादक कसे चालवून घेतात? गायीबद्दल


संपादक

वरचा प्रतिसाद अर्धा ठेवला आहे, उरलेला काढला. संदर्भासह लिहिलेला मजकूर राहील. कुणाला अर्थाबद्दल आक्षेप असेल तर ऋचेसकट लिहा. व्यक्तिगत नको.


वऱ्हाडी ठेचा

अरे बाप्पा! मी त्याच काटोल रोडनं रोज कामावर जातो ना भाऊ, मले आजवर कोनी सांगतलंच नाही का तिथं काय हाय ते! आमी लहानपनी त्या गोट्याइवर बसून बोरं खाल्ली. खळग्यायमंदी बोराच्या बिया भरून ठेवाचो. आता वाटते कोन्या राजाच्या डोक्शावर बसलो होतो का काय.

एक इचारतो. घोडं त्या काळी केवढं महाग असन. मेलेल्यासाठी मारून टाकाचं म्हंजे घरच्याइले परवडे कसं?


काळीमाती

@वऱ्हाडी ठेचा, परवडत नसेल म्हणूनच मारत असतील. ज्याला परवडतं त्यालाच दाखवता येतं. प्रत्येक वर्तुळात घोडा नाही, तांबंही नाही. माहुरझरीला एकाच्या छातीवर तांब्याची मूठ असलेला लोखंडी खंजीर होता, आणि कितीतरी जणांच्या वाट्याला चार काळी-तांबडी मडकी. आणि सगळा घोडा न पुरता डोकं-पाय पुरून, साज चढवून, मधलं जमलेल्यांना वाढलं असेल तर खर्च निम्म्यानं वसूल. हे माझं म्हणणं, शास्त्रज्ञांचं नाही.


उत्तरध्रुव

खर्च दाखवण्यावरून: सुदानमधल्या केर्मा इथे एका थडग्याच्या टेकाडापुढे, साधारण इ.स.पू. २०००, गुरांच्या कवट्या अर्धचंद्राकार ओळींत मांडल्या होत्या. चार हजारांवर. नुसता कपाळाचा आणि शिंगांचा भाग. प्राण्यांची हाडं अभ्यासणाऱ्या लुई शे यांनी त्या मोजल्या. एवढी गुरं एका खेड्याची नसणार, लांबलांबून लोक आपापलं जनावर घेऊन आले असणार. तिथेही उरलेलं धड थडग्यात नाही.


घोडकाठ

चार हजार! आमच्या यात्रेत दोनशे बोकड पडले तर तालुक्याच्या पेपरात येतं.


रानभैरी

सगळे बळी आणि पंगतीवरच घसरलेत म्हणून दुसरी बाजू मांडते. प्रत्येक जनावर खाण्यापिण्याच्या हिशेबात बसत नाही.

नवगावच्या लेकीच्याच देशात ऐन मलाहा आहे, तिथलंही सुमारे १२,००० वर्षांपूर्वीचं दफन. एक वयस्क व्यक्ती कुशीवर, आणि हात एका चार-पाच महिन्यांच्या पिल्लावर ठेवलेला. कुत्र्याचं की लांडग्याचं यावर वाद झाला, पण हात कुठे आहे यावर वाद नाही.

काश्मिरात श्रीनगरजवळ बुर्झहोम. नवाश्मयुगीन. १९६० पासून टी. एन. खझांची यांची खोदाई. तिथे माणसासोबत कुत्रे पुरलेत, आणि काही खड्ड्यांत तर नुसती जनावरं, माणूसच नाही. एका खड्ड्यात पाच रानकुत्री आणि बारशिंग्याचं शिंग. याला कुणासाठीचं अर्पण म्हणायचं? आणि मेहरगढला, बलुचिस्तानात, सगळ्यात जुन्या थरांत मेलेल्याच्या दुमडलेल्या पायांशी करडं ठेवलीत. एका ठिकाणी पाच. अख्खी करडं. आठ-नऊ हजार वर्षांपूर्वी, शेळी नुकती माणसाळत होती तेव्हा. मला ते चित्र डोळ्यांपुढून हलत नाही. मुंडीवाल्यांच्या दोन ढिगांत ही करडं कुठेच बसत नाहीत.


मुंडीवाला

ताई, नाहीच बसत. करडू पाजायच्या वयाचं असेल तर आम्हीही कापत नाही. त्यात असतंच काय? सोबतीला दिलेलं असणार. मेलेला गुराखी असेल.


गुरांचा डॉक्टर

पाच करडं एका वेळी, सारख्या वयाची. म्हणजे विण्याचा हंगाम नुकता झालेला. दफन वर्षाच्या कुठल्या महिन्यात झालं हे त्या करडांच्या दुधाच्या दातांवरून साधारण सांगता येईल. हाडांत एवढं तरी कॅलेंडर असतं.


वऱ्हाडी ठेचा

अजून एक. आमच्या तिकडं गडचिरोलीकडं माडिया लोकं मेलेल्याच्या नावानं मोठाले दगडं उभे करतेत. ते अन् हे एकच का?


तिरपागडा

हा मोह अभ्यासकांनाही पडलाय. बस्तरच्या मारिया गोंडांत स्मृतिशिळा उभारताना जनावर बळी दिल्याच्या नोंदी ब्रिटिश काळापासून आहेत. निलगिरीच्या तोडा लोकांत म्हैस मेलेल्यासोबत पाठवायची चाल होती, मानववंशशास्त्रज्ञ रिव्हर्स यांनी १९०६ च्या पुस्तकात ती तपशिलानं लिहिलीय. दगड आणि जनावर, दोन्ही आहे. पण मधली २,००० वर्षं रिकामी आहेत. माडिया जे करतात त्यावरून प्रश्न विचारायला शिकावं. उत्तर उचलू नये.


खवचट खान

पॉपकॉर्न संपले, भांडण काही झालं नाही. हल्ली इथे फारच समजूतदारपणा वाढलाय.


काळीमाती

सगळ्यांचे आभार. धागा टाकला तेव्हा मला एकच उत्तर हवं होतं, आता तीन आहेत: मातीनं खाल्ला, माणसांनी खाल्ला, चामड्यासोबत कुठेतरी गेला. आणि बहुतेक तिन्ही थोडेथोडे खरे.

येत्या रविवारी सकाळी सातला पुन्हा जुनापाणीला जातोय. नागपुरातलं कुणी येणार असेल तर व्यक्तिगत निरोप करा. पाणी बरोबर घ्या, सावली नाही. दगडांवर चढू नका, खडूनं खळगे रंगवू नका. मागच्या वेळी कुणीतरी रंगवून ठेवले होते.


मुंडीवाला

मला दुकान सोडून रविवारी येणं शक्य नाही, रविवारचाच तर धंदा. पण काल तुमच्यासाठी एक केलं. पाये सोडवताना नेहमीच्या सुरीनं सोडवले, मग त्यातला एक घरी आणून रस्सा केला. हाड उकळून स्वच्छ धुतलं, पाटीवर वाळवलं. उन्हात तिरपं धरलं तर सांध्याच्या अगदी कडेला आडव्या तीन रेघा दिसतात. नखानं लागतात. नळीवर एकही नाही. बायको म्हणते, येड लागलंय.


गुरांचा डॉक्टर

फोटो टाका. प्रकाश एका बाजूनं येऊ द्या, आणि मापासाठी हाडाशेजारी रुपयाचं नाणं ठेवा.


मुंडीवाला

टाकतो. हाड मांजरानं पळवलं, अंगणात शोधतोय.